इस्त्री ठणठणीत, मग वास कशाचा?

सकाळचे साडेसात. शाळेची बस यायला वीस मिनिटे उरलेली. न्हाणीघराबाहेरच्या बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडलेला आणि त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर गणवेशाची इस्त्री चाललेली. एवढ्यात काहीतरी जळल्याचा वास येतो. घाईघाईने प्लग ओढला जातो. सगळ्यांचा संशय इस्त्रीवर! संध्याकाळी ती दुरुस्तीला जाते, तर दुकानदार सांगतो, "इस्त्री ठणठणीत आहे, बोर्ड बघा." बोर्ड उलटून पाहावा तर प्लॅस्टिक पिवळे पडून वितळलेले.

कितीतरी घरांत घडणारा हा प्रकार टाळायला आठवी-नववीत शिकलेले दोन ओळींचे गणित पुरते.

पहिली ओळ : विद्युतदाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये आणि रोध ओहममध्ये मोजतात. दुसरी ओळ : दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, अर्थात वॅट.

पहिली ओळ ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते गेऑर्ग ओहम हे एका कुलपे बनविणाऱ्या जर्मन कारागिराचे चिरंजीव. कोलोन शहरात शाळामास्तरकी करता करता त्यांनी प्रयोग केले आणि १८२७ साली आपला सिद्धान्त पुस्तकरूपाने मांडला. मायदेशी त्याचे फारसे स्वागत झाले नाही. पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉपली पदक दिले. आज रोधाचे एककच त्यांच्या नावाने ओळखले जाते.

आता हे गणित त्या बोर्डाला लावून पाहू. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट धरतात. इस्त्रीवर १००० वॅट लिहिले आहे. १००० ला २३० ने भागले की येतात सुमारे ४.३ अँपिअर. रॉड १५०० वॅटचा, म्हणजे साडेसहा अँपिअर. दोन्ही मिळून झाले जवळजवळ ११. आणि बोर्डावर बारीक अक्षरांत छापलेले असते ६ अँपिअर! रॉड तर एकटाच त्या बोर्डाला जड होता. इस्त्रीने त्यावर कडी केली.

रोधाचे गणितही गमतीचे आहे. इस्त्रीचा रोध येतो सुमारे ५३ ओहम आणि रॉडचा ३५. जास्त तापणाऱ्या उपकरणाचा रोध जास्त असेल, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात दाब तोच असताना रोध जितका कमी, तितका प्रवाह अधिक आणि तितकी उष्णताही अधिक.

मग वितळला तो बोर्ड का? तारेत किंवा सांध्यात होणारी उष्णता काढायची तर प्रवाहाचा वर्ग करून त्याला तिथल्या रोधाने गुणतात. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट! प्लगची पिन सैल बसली असेल आणि तिथे नुसता अर्धा ओहम रोध तयार झाला असेल, तरी ११ अँपिअरच्या आसपासच्या प्रवाहाने त्या चिमुकल्या जागेत पन्नासहून अधिक वॅट उष्णता होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग द्यायची कावी २५ वॅटची असते, हे लक्षात घेतले म्हणजे प्लॅस्टिकचे काय होणार ते वेगळे सांगायला नको.

"पण घरात एमसीबी आहे ना?" असे कोणी म्हणेल. तो एमसीबी १६ अँपिअरचा असेल, तर ११ अँपिअरला तो पडणारच नाही. तो भिंतीतल्या वायरिंगची राखण करतो; बाजारातून आणलेल्या स्वस्त बोर्डाची नाही.

याच गणिताने आणखी एक कोडे सुटते. उन्हाळ्यात व्होल्टेज उतरले की इस्त्री तापता तापत नाही. दाब १८० व्होल्टवर आला, तर ५३ ओहममधून ३.४ अँपिअर जातात आणि हजार वॅटची इस्त्री जेमतेम ६१० वॅटची होते. दोष तिचा नसतोच.

एक सावधगिरी मात्र हवी. हा हिशेब इस्त्री, गिझर, रॉड अशा तापणाऱ्या उपकरणांना चोख लागू पडतो. पंखा, मिक्सर, फ्रिज यांत मोटर असते. तिथे नुसत्या गुणाकाराने येणारा आकडा खऱ्या वॅटपेक्षा थोडा मोठा निघतो. शिवाय सुरू होताना मोटर जास्त प्रवाह ओढते.

घरात पाळायचा नियम सोपा आहे. ६ अँपिअरचा पॉइंट म्हणजे जास्तीत जास्त १३८० वॅट. १६ अँपिअरचा म्हणजे ३६८०. बोर्डावर दुसरा प्लग खोचण्यापूर्वी उपकरणांवरचे वॅट वाचावेत आणि बेरीज करावी. रॉड आणि गिझर यांना भिंतीवरचा स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंटच द्यावा. प्लग हाताला गरम लागला, तर वायरमनला बोलवायला उद्याची वाट पाहू नये. आणि रॉडचा प्लग काढल्याशिवाय पाणी तापले का ते बोटाने पाहू नये.

बेरीज आणि भागाकार घरातल्या शाळकरी मुलालाच करायला सांगावा. त्याचा अभ्यास होईल आणि घरही सुरक्षित राहील.