उतारा कशाचा आणि उतारा कशावर?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी यांपैकी कोणत्याही तालुक्याच्या कचेरीत खिडकीपुढच्या रांगेत दहा मिनिटे उभे राहिले, तर एक शब्द वारंवार कानांवर पडतो. मराठी शेतकरी म्हणतो, ‘साहेब, जमिनीचा उतारा पाहिजे.’ त्याच्या मागचा कन्नड शेतकरी म्हणतो, ‘होलद उतार कोड्री.’ सरकारी दफ्तरात त्या कागदाचे नाव ‘आरटीसी’ किंवा ‘पहणी’ असे आहे. रांगेतल्या माणसांच्या तोंडी मात्र, ती कोणत्याही भाषेची असोत, उताराच आहे. खिडकीतून जो कागद मिळतो तो संपूर्ण कन्नडमध्ये असतो. मागण्याचा शब्द मराठी आणि मिळणारा कागद मराठी माणसाला न वाचता येणारा, असा हा व्यवहार वर्षानुवर्षे चालू आहे. म्हणूनच या शब्दाची उलटतपासणी घेण्याचे आम्ही ठरविले.

शब्द वरवर साधा आहे. ‘उतरणे’ या क्रियापदापासून ‘उतार’ आणि ‘उतारा’. पण उतरणे म्हणजे खाली येणे आणि त्याच्या आरंभी बसला आहे संस्कृत ‘उत्’ हा उपसर्ग, ज्याचा अर्थ ‘वर’. उत्कर्ष, उत्थान, उन्नती या सर्वांत तो वरच नेतो. मग येथेच खाली का आणतो? उत्तर ‘तॄ’ या धातूत आहे. तॄ म्हणजे तरणे, पार होणे. तीर, तरी म्हणजे नाव, तारू, तीर्थ हे सारे त्याच कुळातले. उत् + तॄ म्हणजे पाण्यातून वर येणे, पैलतीरी लागणे. नदी ओलांडणारा माणूस काठावर चढला की तो पाण्याच्या दृष्टीने वर आलेला असतो आणि नावेच्या दृष्टीने खाली उतरलेला असतो. पुढे नाव गेली, घोडा आला, गाडी आली, आणि वाहन सोडून जमिनीवर पाय ठेवणे एवढाच अर्थ ठळक झाला. संस्कृतातच या धातूला ‘खाली येणे’ आणि ‘मुक्कामास उतरणे’ हे अर्थ येऊन चिकटले होते. प्राकृतातून येताना जोड ‘त्त’चा एकेरी ‘त’ झाला आणि आमचे ‘उतरणे’ सिद्ध झाले. ‘अव’ म्हणजे खाली हा उपसर्ग लावून ‘अवतार’ होतो, ‘उत्’ म्हणजे वर लावून ‘उतार’ होतो, आणि दोघेही शेवटी खालीच येतात. भाषेपुढे तर्कशास्त्र्याने फार ताठ उभे राहू नये.

एक सावधगिरी येथेच नोंदवितो. प्रश्नाचे ‘उत्तर’ आणि ‘उत्तर’ दिशा यांनाही अनेकजण याच शब्दाशी जोडतात. ते ‘उत्’ला ‘तर’ हा तुलनेचा प्रत्यय लागून झालेले आहेत; अधिक वरचे, नंतरचे, असा त्यांचा मूळ भाव. कानाला सारखे लागते म्हणून रक्ताचे नाते ठरत नाही. वारसाहक्काच्या दाव्यांत हे आम्ही पक्षकारांना नेहमी सांगतो. शब्दांच्या दाव्यांतही तेच लागू आहे.

‘पार होणे’ हा मूळ अर्थ मराठीने टाकलेला नाही. नदीतील ज्या जागी पायी पलीकडे जाता येते तिला उतार म्हणतात. मलप्रभा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठच्या जुन्या माणसांना पूर ओसरल्यावर नदीला उतार कोठे मिळतो हे ठाऊक असे. आगगाडीने जाणाऱ्याला जुनी वृत्तपत्रे ‘उतारू’ म्हणत. आता त्याचा सर्वत्र ‘प्रवासी’ झाला आहे, याचे आम्हांला थोडे वाईट वाटते. माणूस कसोटीस उतरतो, माल पसंतीस उतरतो, तेव्हा कोणीही खाली येत नाही, पार पडतो. परीक्षेत ‘उत्तीर्ण’ होणारा त्याच धातूचा संस्कृत वेषातला नातलग. उपकारातून ‘उतराई’ होणे म्हणजे ऋणाच्या पाण्यातून बाहेर येणे. हिंदीत हाच ‘उतराई’ शब्द नावाड्याच्या भाड्याला लावतात. रामाला गंगापार नेणाऱ्या केवटाने ती घेतली नाही, ही कथा इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांतही सर्वांस ठाऊक असते.

मुक्कामाचा अर्थ मराठीत ‘कोठे उतरलात?’ या प्रश्नात जिवंत आहे. गुजरातीत तो नामातही टिकून आहे. वडोदऱ्यात पाहुण्यांच्या राहण्याच्या जागेला ‘उतारो’ म्हणतात आणि जमिनीचा कागदही ‘सात-बारनो उतारो’ असतो. हा योगायोग नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा ही जुन्या मुंबई इलाख्याच्या महसुली दफ्तरातली देणगी आहे. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत त्याच मुंबई राज्यात होते. राज्य बदलले, नमुने बदलले, १९६४ चा कर्नाटकाचा जमीन महसूल कायदा आला, तरी लोकांच्या जिभेवरचा उतारा गेला नाही. गोव्यात नमुना ‘एक व चौदा’ आहे, त्याचाही मराठी माणूस उताराच काढतो. हैदराबाद संस्थानाच्या बाजूला मात्र ‘पहाणी’ चालते, आणि कर्नाटकाच्या दफ्तरातली ‘पहणी’ तीच. पहाणी म्हणजे आपली पाहणी, उभ्या पिकाकडे जाऊन डोळ्यांनी पाहणे. सरकारी नाव घ्या की लोकांचे, कागदाला मराठीपासून सुटका नाही. त्यावरचे गुंठे आणि ‘खराब’ क्षेत्रही दोन्ही भाषांचे सामाईक आहे.

आता नकलेच्या अर्थाकडे. मूळ दफ्तर जागचे हलत नाही. त्यातील हवा तेवढा भाग कागदावर उतरवून घेतात, तो उतारा. शाळेतला ‘खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा’ हा त्याचाच भाऊ. अरबीतून आलेला ‘नक्कल’ हा शब्दही कचेरीत आहे, पण त्याला सोंगाची छटा चिकटली. उताऱ्याला ती चिकटली नाही. नकलेत सगळेच येते, उताऱ्यात निवड असते. आणि निवड आली की विश्वासाचा प्रश्न आला, म्हणून त्यावर सही-शिक्का हवा. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ७६ येथे फार बोलके होते: जो सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा माणसाला हक्क आहे, त्याची प्रमाणित प्रत फी भरून मिळण्याचा त्याला हक्क आहे. नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. आधी पाहणी, मग उतारा. कायद्याने हे दोन हक्क एका दाव्यात बांधले, आणि जमिनीच्या कागदाची लोकांतली दोन नावेही नेमकी हीच निघावीत, याचे आम्हांला कौतुक वाटते.

शेतात गेले की उतारा पुन्हा वेष बदलतो. एकरी उतारा म्हणजे एकरी उत्पन्न. उसाच्या पट्ट्यात तर हा शब्द घराघरांत आहे, कारण साखर उताऱ्यावर उसाचा दर ठरतो. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली ते प्रमाण म्हणजे उतारा. अलीकडच्या हंगामांत केंद्र सरकार १०.२५ टक्के मूळ उतारा धरून रास्त व किफायतशीर दर जाहीर करते आणि त्यापुढील प्रत्येक दशांशाला दर वाढतो. उतारा पाव टक्क्याने घटला की निपाणीकडचा शेतकरी अस्वस्थ होतो. मूळ वस्तूतून सार काढून घेणे हाच भाव येथेही आहे; दफ्तरातून मजकूर निघतो, उसातून साखर.

ताप, नशा, भाव, चेहरा, राग हे सर्व उतरतात, ते सोडून देऊ. पण ‘विमा उतरविणे’ हा प्रयोग पाहण्यासारखा आहे. ओझे आपल्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर उतरविणे, असा त्यामागचा विचार असावा असे आमचे मत. दृष्ट उतरविण्यातही ओझेच खाली येते. आजारी मुलावरून भात-दही, भाकरीचा तुकडा किंवा लिंबू ओवाळून तिठ्यावर ठेवायचे, त्या वस्तूला आमच्या गावांत उताराच म्हणतात, आणि रस्त्यावरचा उतारा ओलांडू नये अशी मुलांना ताकीद असते. विषावर द्यायच्या औषधालाही उतारा म्हणतात, कारण ते चढलेले विष उतरविते. आमचा अशा ओवाळण्यावर विश्वास नाही. परंतु ज्या भाषेत एकच शब्द विष उतरविणाऱ्या औषधालाही लागतो आणि हक्क सिद्ध करणाऱ्या कागदालाही, त्या भाषेच्या बोलणाऱ्यांनी या दोन अर्थांची गाठ कधीतरी घालून पाहावी, एवढे आम्ही म्हणतो.

कारण सीमाभागात हक्काचा कागदच अनेकदा विषासारखा चढतो. २००० सालाच्या सुमारास कर्नाटकात जमिनीचे दफ्तर संगणकावर गेले. हस्तलिखिताची जागा छापील कागदाने घेतली, हेलपाटे कमी झाले. हे काम चांगले झाले आणि ते चांगले म्हणण्यास आम्हांला संकोच नाही. पण नोंदी कन्नड लिपीत गेल्या तेव्हा मराठी नावांचे काय झाले ते आमच्या पक्षकारांना विचारावे. ‘ज्ञानेश्वर’ हे एक नाव घ्या. मराठी उच्चार ‘द्न्या’चा. कोणी ऐकून तसेच लिहिले, कोणी ‘ज्ञ’ लिहिला आणि इंग्रजीत त्याचे आणखी तिसरेच रूप झाले. आधार कार्डावर एक, बँकेत एक, उताऱ्यावर एक. मग तिन्ही माणसे एकच आहेत असे प्रतिज्ञापत्र करावयाचे, आणि ते करून देण्याची फी आम्ही वकिलांनी घ्यावयाची. कर्जाचा बोजा कोणत्या रकान्यात चढला, वाटणीत कोणत्या भावाचे नाव गळले, हे मालकाला स्वतःच्या उताऱ्यावरून कळत नाही. तो कागद शेजाऱ्याच्या मुलाकडे, एजंटाकडे किंवा आमच्याकडे नेतो. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला आपले नाव वाचता येते. तिच्या जमिनीच्या कागदावरचे तेच नाव तिला वाचता येत नाही. पाहण्याचा हक्क आहे, पाहून काही उपयोग नाही.

यावर ‘कन्नड शिका’ असे उत्तर मिळते. मुलांनी कन्नड जरूर शिकावे. आम्हीही त्याच भाषेत युक्तिवाद करतो आणि तिचा आम्हांला आदर आहे. परंतु सत्तर वर्षांच्या खातेदाराला ‘शिका’ म्हणणे म्हणजे त्याच्या अर्जाचा निकाल त्याच्या मृत्यूनंतर लावणे होय. आणि प्रश्न कृपेचा नाहीच. राज्यपुनर्रचनेच्या वेळी १९५६ मध्ये केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे जे निवेदन केले, त्यात जेथे अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील अशा तालुका वा नगरपालिका क्षेत्रांत सरकारी सूचना, मतदारयाद्या, शिधापत्रिका यांसारखे कागद त्यांच्याही भाषेत देण्याचे तत्त्व मान्य झाले. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-ब हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद झाली. गोव्यात १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामासाठी मराठीही वापरता येते. तेवढ्याने कोकणीचे राज्य बुडाले नाही. मूळ दफ्तर कन्नडमध्येच राहो. उताऱ्यावर कन्नडखाली मराठीची एक ओळ छापणे संगणकाला अवघड नाही. अवघड आहे ते ठरविणाऱ्यांना.

न्यायालयातला मोठा दावा २००४ पासून चालू आहे आणि तो त्याच्या गतीने चालेल. दरम्यान करण्याजोगे एक लहान काम आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कोणत्याही अधिकाऱ्याकडे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. तेव्हा उताऱ्यात नाव चुकले असेल, बोजा चुकीचा चढला असेल, तर तक्रार मराठीत लिहावी. दोन प्रती कराव्यात, एकीवर पोच घ्यावी. ३५० कलमाचा उल्लेख पहिल्याच ओळीत करावा, कारण पुष्कळ कारकुनांना ते माहीत नसते आणि काहींना माहीत असूनही आठवत नाही. शेवटी, नाव देवनागरीत कसे हवे ते स्पष्ट अक्षरांत लिहून, मराठी लिप्यंतरासह प्रमाणित उतारा मिळावा अशी मागणी नोंदवावी. विषयाच्या ओळीत ‘आरटीसी’ लिहू नये. ‘उतारा’ लिहावे, खिडकीपलीकडच्या माणसाला तो शब्द कळतो.