दीडशे मीटरांची शिक्षा

आमच्या घराण्यात खेळाचे वेड असे कधी नव्हतेच. माझी स्वतःची मजल कॅरमपुढे गेली नाही, आणि तिथेही माझी सोंगटी खिशात जाण्याऐवजी शेजाऱ्याच्या मांडीवर जायची. त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी आमचे चिरंजीव मोबाइलमध्ये डोके खुपसून पांढऱ्याशुभ्र बर्फाकडे टक लावून बसलेले दिसले, तेव्हा माझ्यातला प्राध्यापक आणि बाप दोघेही एकदम जागे झाले.

"बीजगणित झालं का? सहामाहीत चाळीसपैकी अकरा मिळाले होते, आठवतंय ना?"

सहामाही होऊन चार महिने लोटले होते. हे वाक्य मी तोवर किती वेळा उच्चारले असेल, त्याचा हिशेब आमच्या सौ.कडे आहे.

"आठवतंय," चिरंजीव म्हणाले. "पण बाबा, दोन मिनिटं बसा ना. बायथलॉन आहे. सगळी माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठी मुलं आहेत."

बसलो; आणि दोन मिनिटांचा तास कसा झाला ते कळले नाही.

वाचकहो, हा खेळ म्हणजे अस्सल द्वंद्व समास आहे. पाठीवर निदान साडेतीन किलोची रायफल घेऊन बर्फावरून स्कीने ऊर फुटेस्तोवर धावायचे, आणि मध्येच थांबून नेम धरायचा. निशाण 50 मीटरवर. आडवे पडून मारताना ते असते साडेचार सेंटिमीटरचे, उभ्याने मारताना साडेअकराचे. गोळी लागली की काळा ठिपका पांढरा होतो. छाती भात्यासारखी वरखाली होत असताना हात मात्र समईच्या ज्योतीसारखा स्थिर हवा! अठराव्या शतकात नॉर्वेच्या सीमेवरचे सैनिक अशा स्पर्धा खेळत. तो खेळ 1960 साली ऑलिंपिकमध्ये आला. त्या पहिल्या शर्यतीत सुवर्णपदक सर्वांत वेगवान गड्याला मिळालेच नाही. ते मिळाले स्वीडनच्या क्लास लेस्टांडरला. धावण्यात तो बऱ्याच जणांच्या मागे होता, पण वीसच्या वीस गोळ्या त्याने नेमक्या लावल्या होत्या. तरुणांची जागतिक स्पर्धा 1967 साली जर्मनीतल्या आल्टेनबेर्ग येथे सुरू झाली. मुलींना तिथे यायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. 1993 साली याच स्पर्धेत तीन विजेतेपदे मिळवणारा नॉर्वेचा ब्यर्नडालेन पुढे ऑलिंपिकची आठ सुवर्णपदके घेऊन गेला.

पण मला खिळवून ठेवले ते निराळ्याच गोष्टीने. एका पोराचे दोन नेम हुकले. मला वाटले, संपले बिचाऱ्याचे! तो मात्र उठला, बाजूच्या एका लहानशा वर्तुळात शिरला आणि गरागरा दोन फेऱ्या मारून पुन्हा वाटेला लागला.

"ही शिक्षेची फेरी," चिरंजीवांनी समजावले. "दीडशे मीटरांची. जितके नेम हुकले तितक्या फेऱ्या, आणि त्याही लगेच."

"आणि न मारताच पळाला तर?"

"तर एकेका फेरीमागे दोन मिनिटं वाढतात. फेरी मारायला अर्धं मिनिटसुद्धा पुरतं. म्हणून कुणी चुकवत नाही." मग जरा थांबून, पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "फेरी संपली की त्यांना पुन्हा कुणी विचारत नाही, बाबा."

हे वाक्य त्याने मला उद्देशून म्हटले की सहज, ते मी विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही म्हणा.

रात्री बराच वेळ झोप लागली नाही. पोराला अकरा गुण मिळाले. त्याची शिक्षा म्हणून सुट्टीतली सहल गेली, रोज सकाळी साडेपाचला उठणे आले. म्हणजे फेरी त्याने केव्हाच मारली होती. मीच त्याला वर्तुळातून बाहेर पडू देत नव्हतो. आणि मग आठवला माझ्या वर्गातला एक विद्यार्थी. त्याने एकदा दुसऱ्याचा निबंध उतरवून आणला होता. मी त्याला तो पुन्हा लिहायला लावला. त्याने लिहिला, बराही लिहिला. तरी वर्षभर हजेरी घेताना मी त्याला 'संपादक' म्हणत असे. वर्ग हसे, तोही हसे. पुढच्या वर्षी त्याने मराठी सोडले. माझा विनोद बरा साधतो, अशी माझी तोपर्यंत समजूत होती.

त्याला शोधून काही सांगावे, तर आता पत्ता नाही. ही माझी फेरी राहून गेली आहे, आणि तिच्यामागची मिनिटे अजून वाढताहेत.

दुसऱ्या दिवसापासून सहामाहीचा उच्चार मी बंद केला. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेत चिरंजीवांना चाळीसपैकी तेवीस मिळाले. फार नव्हेत, पण निकालपत्र त्याने आपणहून माझ्या हातात दिले, आधीसारखे आईच्या डब्याखाली ठेवले नाही.

गणपतीत आत्या आल्या होत्या. त्यांची स्मरणशक्ती विद्यापीठाच्या दप्तरापेक्षा पक्की. आरतीनंतर प्रसाद घेताघेता त्यांनी विचारलेच, "काय रे, मागं ते गणितात अकरा मिळाले होते ना तुला?"

मी चटकन म्हणालो, "आत्या, ती फेरी त्याने केव्हाच मारली."

"फेरी मारतो होय?" आत्या प्रसन्न होऊन म्हणाल्या. "चांगलं आहे हो. सकाळच्या हवेत तब्येत सुधारते!"

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले, आणि मोदकासकट ठसका लागेपर्यंत हसले.