पाव किलोचा खटला

लोणावळ्याहून चिक्की न घेता परतणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. परवा मीही पाव किलोचा एक पुडा घेऊन घरी आलो. आमच्या सौ.ने तो नव्या काट्यावर ठेवला. भरला २४२ ग्रॅम!

"बघ, काय दिवस आलेत!" मी गरजलो आणि दुकानदाराला पत्र लिहायला बसलो. मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे 'लबाड' या शब्दाचे पाच पर्याय तत्काळ सुचले.

तेवढ्यात संख्याशास्त्र शिकणारी पुतणी म्हणाली, "काका, एका पुड्यावरून फाशी देऊ नका. आरोपी निर्दोष आहे, म्हणजे पुड्यांचे सरासरी वजन २५० ग्रॅमच आहे, असे धरून सुरुवात करायची. हीच शून्य परिकल्पना. ही तूट निव्वळ योगायोगाची म्हणणे अवघड झाले, तरच ती सोडायची."

तिने कागदावर हिशेब मांडला. समजा, डोळे मिटून ९ पुडे उचलले. सरासरी भरली २४७ आणि प्रमाण विचलन, म्हणजे पुड्यापुड्यांतला चढउतार, ६ ग्रॅम. सहाला नवाच्या वर्गमुळाने भागले की उरले २. तूट ३ ग्रॅमची, म्हणजे त्याच्या दीडपट. निर्दोषाला दोषी ठरवण्याचा धोका शंभरात पाच इतकाच पत्करायचा, तर ९ पुड्यांना मर्यादा १.८६ पट. आरोप सिद्ध नाही! पण तीच तूट आणि तेच विचलन ३६ पुड्यांत दिसले तर? सहाला सहाने भागून १. तूट तिप्पट, आणि मर्यादा केवळ १.६९. आता सुटका नाही.

"म्हणजे आधी तो निर्दोष ठरला होता?" मी विचारले.

"छे हो काका! पुरावा अपुरा होता, एवढेच."

थोडक्या नमुन्यावरून न्याय करण्याच्या या रीतीचा पाया डब्लिनच्या एका बिअरच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने घातला. इतक्या दूर तरी कशाला जा? आमच्या मावळात, वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली 'इंद्रायणी' भात आला. भाताचे नवे वाण एका वाफ्याच्या पिकावर कोणी शेतकऱ्याच्या हाती देत नाही. अनेक वाफे, अनेक हंगाम पाहावे लागतात.

पत्र मी फाडले, पण मन स्वस्थ होईना. टेबलावर माझाच दुसरा एक कागद होता. मावळच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांची भाषा कच्ची असते, त्यांना विशेष मराठी देऊ नये, असा अभिप्राय मी प्राचार्यांसाठी लिहून ठेवला होता. आधार काय? तीन उत्तरपत्रिका!

दुकानदाराचे फार तर आठ ग्रॅम गेले असते. या मुलांची सारी वर्षे गेली असती.

तोही कागद फाडला. आता सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा वाचायला घेतल्या आहेत. सोबतीला चिक्की आहे. पुरावा नष्ट करण्याचा एवढा गुन्हा मात्र मला कबूल आहे.