पियानो दिवाणखान्यासाठी घेताय की गाण्यासाठी?

घरातली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी (किंवा मुलगा) पियानोच्या दोन-चार परीक्षा देऊन झाल्यावर आता दार लावून स्वतःची गाणी रचायला लागली असेल, तर ही पोस्ट तुमच्यासाठी. "डिजिटल पियानो कोणता घ्यावा?" या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेली दोन उत्तरं मिळतात. एक: लाकडी कॅबिनेटचा, तीन पेडलवाला घ्या, एकदाच काय तो खर्च. दोन: शेकडो आवाज आणि तबल्याचे ठेके असलेला कीबोर्ड घ्या, मंडळाच्या ऑर्केस्ट्रातही चालेल. गाणी करणाऱ्या मुलांसाठी मला दोन्ही पटत नाहीत.

कॅबिनेटवाला वाजायला छानच असतो हो. पण चाळीसेक किलोचं ते धूड एकदा बेसमेंटमध्ये गेलं की हलत नाही, आणि मुलीची गाणीही तिथेच राहतात. शाळेचा टॅलेंट शो, लायब्ररीतला ओपन माइक, मंडळाचा गणपती, कुणाच्या घरची दिवाळी. चार लोकांसमोर म्हटल्यावरच कळतं की दुसरं कडवं लांबलंय, किंवा धृपदाला लोक मान डोलावतायत. हे कळायची सोयच आपण महागडं फर्निचर घेऊन बंद करतो. ठेकेवाल्या कीबोर्डचा त्रास वेगळा. ६१ हलक्या पट्ट्या, आणि बटण दाबलं की तयार ठेका सुरू. मग गाणं त्या ठेक्याच्या मापाने बेतलं जातं.

मधला रस्ता आहे: ८८ वजनदार पट्ट्या, स्वतःचे स्पीकर, कॅबिनेट नाही, वजन ११ ते १५ किलो. यामाहा पी-२२५ आणि कॅसिओ पीएक्स-एस११०० साधारण साडेअकरा किलोच्या आत आहेत, रोलंड एफपी-३०एक्स पावणेपंधरा किलोच्या आसपास. कॅसिओ सहा पेन्सिल सेलवरही चालतो. बागेत गायचं असेल तर फार कामाचं.

आता ज्याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही ते. पियानोच्या मागे 'लाइन आउट' आहे का, ते बघा. वरच्या तिन्हींना आहे. त्यांच्याच स्वस्त भावंडांना, म्हणजे रोलंड एफपी-१० आणि यामाहा पी-१४५ यांना, नाही. तिथे फक्त हेडफोनचं भोक. हॉलमध्ये काय होतं, सांगते. साउंडवाले दादा पियानोच्या स्पीकरसमोर माइक लावतात, तो माइक गाणाऱ्या मुलीचा आवाजही पकडतो, शिट्टी वाजायला लागते, आणि सगळे तिच्याकडेच बघतात. हेडफोनच्या भोकातून वायर काढून काम भागतं, पण बऱ्याच मॉडेल्समध्ये तिथे वायर खुपसली की पियानोचे स्वतःचे स्पीकर बंद होतात, आणि मुलीला आपलंच वाजवणं नीट ऐकू येत नाही. वेगळा लाइन आउट असला की दोन वायरी थेट मिक्सरला, आणि हातांखालचा आवाज तसाच चालू. थोडे पैसे वाचवायला हे सोडू नका.

ट्रान्सपोझचं बटण वापरलं तर "ही फसवणूक" म्हणणारे शिक्षक असतात. घरी सगळ्या स्केल शिकू द्या, पण कार्यक्रमाच्या दिवशी घसा बसला असेल तर एक-दोन सूर खाली घेण्यात लाज कसली? आपले पेटीवाले स्केलचेंजर वापरतातच की. पांढरी एकमध्ये रचलेलं गाणं तिच्या गळ्याला काळी चारला बसतं, असं पुष्कळदा होतं.

"पियानोवर मींड येत नाही, आपलं संगीत त्यावर कसं होणार?" हा आजोबांचा आक्षेप बरोबर आहे, मींड येत नाही. ती गळ्यातून येऊ दे, पियानोने खाली कॉर्ड धरून ठेवावा. आणि ज्या पेटीला आपण आपली म्हणतो तिचं पेटंट १८४२ मध्ये पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिराने घेतलं होतं. १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदीही घातली होती. तरी ती भजनात आली, नाटकात आली. मुलीच्या गाण्यात एक ओळ इंग्रजी आणि दुसरी आजीच्या तोंडची मराठी असेल, तर त्यालाही जरा वेळ द्या. लगेच व्याकरण दुरुस्त करायला धावू नका.

किरकोळ गोष्टी. बरोबर येणारं चपटं पेडल पायाखालून सरकतं. खऱ्या पियानोसारखं जड पेडल वेगळं घ्या. स्टँड घडीचा, पण न डुगडुगणारा. पुढे भारतात न्यायचा विचार असेल तर अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का बघा. बजेट कमी असेल तर जुना घ्या, फक्त प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात वाजवून बघा.

आणि दुकानात मुलीला न्याच. तिला परीक्षेचा तुकडा नको, तिचंच गाणं वाजवायला सांगा, तेही गात गात. तोवर तुम्ही विक्रेत्याला विचारून शेजारचा डेमो पियानो दोन्ही हातांनी उचलून पाहा. कार्यक्रमाच्या दिवशी गाडीपर्यंत तो तुम्हालाच न्यायचाय.