ड जीवनसत्त्व, जनुके आणि दीर्घायुष्याची विक्री

पेशंट हल्ली रक्ताच्या रिपोर्टबरोबर जनुकांचाही रिपोर्ट टेबलावर ठेवतात. व्हीडीआर या जनुकापुढे लाल खूण असते आणि खाली सल्ला: ड जीवनसत्त्व वाढवा, आयुष्य वाढेल. उपनगरात दवाखाना चालवणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला त्यावर काहीतरी बोलावेच लागते.

मढच्या कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील चढवणारी साठीची बाई दिवसभर उन्हात असते, म्हणून तिला कमतरता नसणार, असे आपण धरून चालतो. मालाडच्या टॉवरमधल्या तिच्या वयाच्या बाईला ती असणारच, हेही धरून चालतो. टॉवरबद्दलचा अंदाज बहुधा चुकत नाही. केईएम रुग्णालयाच्या एंडोक्राइन विभागाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ११३७ निरोगी तरुणांपैकी सुमारे ७० टक्क्यांत कमतरता निघाली, मग साठीची काय कथा! कोळणीबद्दलचा अंदाज मात्र तपासल्याशिवाय मानू नये. होनोलुलूत आठवड्याला सरासरी २९ तास उन्हात राहणाऱ्या तरुणांची तपासणी झाली, तेव्हा निम्म्यांची पातळी ३० नॅनोग्रॅमच्या खाली होती. शिवाय वयाबरोबर त्वचेची ड जीवनसत्त्व बनवण्याची क्षमता घटते, आणि पावसाळ्यात मासेमारी बंद असली की वलांड्याही रिकाम्या असतात.

सारख्याच उन्हात दोन माणसांची पातळी वेगळी का, याचे काही उत्तर जनुकांत आहे. सीवायपी२आर१ यकृतात पहिली प्रक्रिया करते, जीसीपासून रक्तातले वाहक प्रथिन बनते, सीवायपी२४ए१ जास्तीचे मोडून टाकते, आणि व्हीडीआर पेशीत संदेश पोचवते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००६ साली रजोनिवृत्त स्त्रियांमध्ये व्हीडीआरचे प्रकार आणि हाडांची घनता यांचा संबंध मांडला. काम मोलाचे आहे. पण हाडांच्या घनतेवरून थेट दीर्घायुष्यावर उडी मारणे हा जाहिरातवाल्यांचा उद्योग.

त्यांनी लायडनचा २०१२चा अभ्यास वाचावा. नव्वदीच्या घरातली किमान दोन भावंडे असलेल्या कुटुंबांतल्या पुढच्या पिढीची तुलना तिथे त्यांच्या जोडीदारांशी केली. दीर्घायुषी घराण्यांतल्यांची ड जीवनसत्त्वाची पातळी थोडी कमीच भरली, आणि पातळी वाढवणारा सीवायपी२आर१चा प्रकारही त्यांच्यात कमी आढळला! यावरून ड जीवनसत्त्व घातक, असा अर्थ कोणी काढू नये. ‘जास्त पातळी म्हणजे जास्त आयुष्य’ हे समीकरण मात्र टिकत नाही. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट दिले. कर्करोग, हृदयविकार वा अस्थिभंग यांचे प्रमाण त्याने घटले नाही. ऑस्ट्रेलियात साठीपुढच्या २१ हजारांवर लोकांच्या चाचणीत महिन्याला ६०,००० युनिट देऊनही मृत्यू कमी झाले नाहीत. या दोन्ही चाचण्यांतल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती, हे ध्यानात ठेवावे. आपल्या पेशंटची खरी कमतरता भरून काढायलाच हवी. ते साधे औषधोपचाराचे काम आहे, त्याला दीर्घायुष्याचे लेबल नको.

जनुकांचे ज्ञान आपल्याला खरे उपयोगी पडते ते वेगळ्याच ठिकाणी. १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या दुधात ड जीवनसत्त्व सढळ हाताने घातले गेले आणि काही बाळांचे कॅल्शियम धोकादायक चढले. बाकीच्यांना काहीच झाले नाही. या आजाराचे एक कारण २०११ साली सापडले: सीवायपी२४ए१ निकामी असणे. हा दोष दुर्मीळ आहे, पण मोठेपणीही मुतखड्याच्या रूपाने उघड होतो, आणि आपल्याकडे साठ हजारांचे सॅशे केमिस्ट चिठ्ठीशिवायही देतो.

तेव्हा लाल खुणेवर उपचार करू नका. पेशंट किती चालतो, कितीदा पडला, मूत्रपिंड कसे आहे, ताटात बांगडा-तारली येते का, हे आधी विचारा. आणि घरात मुतखड्याचा इतिहास असेल, तर सॅशे लिहिण्याआधी सीरम कॅल्शियम पाहा.