केमिकल लोचा, व्हाया शिंपला

'लगे रहो मुन्नाभाई' आला २००६ मध्ये आणि 'केमिकल लोचा' आपल्या तोंडी बसला तो बसलाच. ब्रेकअप झाला, अप्रेझल फसलं, की निदान तयार: सेरोटोनिन लो आहे, बॉस! डार्क चॉकलेट खा, जिमला जा. पण हे सेरोटोनिन मेंदूत असतं, हे कळलं कसं? शोधायला बसले, तर थेट शिंपल्यापाशी पोचले.

१९५० च्या सुमारास बेटी ट्वॅरॉग हार्वर्डमध्ये पीएच.डी. करत होती. विषय होता मसल, म्हणजे गोव्यात रवा लावून तळतात त्या शिनाण्यांचा थंड पाण्यातला भाऊबंद. खडकाला धरून ठेवणारा त्याचा स्नायू एकदा आवळला की लॉकच होतो आणि फारशी एनर्जी न घालवता तसाच राहतो. हे लॉक सेरोटोनिननं सुटतं, हे बेटीच्या लक्षात आलं.

शिंपला हे वापरतो, तर आपला मेंदू का नाही? १९५२ मध्ये ती क्लीव्हलंडला आयर्विन पेज यांच्याकडे गेली. सेरोटोनिन रक्तातून वेगळं काढलं होतं ते त्यांच्याच टीमनं, पण मेंदूची आयडिया त्यांना फारशी पटली नव्हती. तरी त्यांनी तिला लॅब दिली. इतकुसं द्रव्य मोजायला तिनं वापरलं चक्क एका शिंपल्याचं हृदय! सेरोटोनिनचा अंश जरी लागला, तरी ते जोरात धडधडतं. १९५३ मध्ये रिझल्ट छापून आला: सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन आहे.

पुढे १९६२ मध्ये स्वीडनच्या फाल्क आणि हिलार्प यांनी फॉर्मल्डिहाइडच्या वाफेनं पेशी चमकवायची युक्ती काढली. सेरोटोनिन पिवळं चमकतं, म्हणजे नेमका पत्ताच मिळाला.

आणि सगळा खेळ पत्त्याचाच आहे. शिंपल्यात ते स्नायू सैल करतं. आपल्यातलं सुमारे ९० टक्के आतड्यात असतं आणि तिथे पचनाच्या कामाला लागतं. रेणू तोच, ड्यूटी वेगळी. मग 'हॅपी केमिकल' हे लेबल किती तोकडं! सेरोटोनिन कमी झालं म्हणून डिप्रेशन येतं, याला ठोस पुरावा नाही, असं २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यानंही म्हटलंय. म्हणून चालू गोळ्या मनानं बंद करू नका हं, ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं. पण मित्र उदास असेल, तर त्याला 'लो सेरोटोनिन'चं लेबल चिकटवण्याआधी काय झालंय ते तरी विचारा.