कळ तिनेच दाबावी



यंदाच्या स्नेहसंमेलनात तयार कॅराओकेवर गाणी न म्हणता साथ आपणच रेकॉर्ड करावी आणि त्यासाठी शाळेच्या शिलकीतून एक मिडी कीबोर्ड घ्यावा, असे मागच्या पालकसभेत ठरले. साथ करणार आहे वरच्या वर्गातली आपली एक विद्यार्थिनी. ती पेटी उत्तम वाजवते आणि तिला जन्मापासून दिसत नाही, या दोन्ही गोष्टी शाळेत सर्वांना ठाऊक आहेत. सभेत लगेच सूचना आली की ती वाजवील, कॉम्प्युटरचे आपल्यापैकी एखादा पालक बघेल. सर्वांनी माना डोलावल्या. सूचना प्रेमापोटी आली होती याबद्दल आम्हाला शंका नाही. पण आम्हाला ती पटलेली नाही. का पटली नाही, ते सांगण्यासाठी संपादकांकडून या अंकात थोडी जागा मागून घेतली आहे. आमचा धंदा सॉफ्टवेअरचा, त्यामुळे थोडे तांत्रिक बोलणे होईल. ते गोड मानून घ्यावे.

आधी मुलांसाठी, मिडी म्हणजे काय. नुसत्या मिडी कीबोर्डमधून आवाज निघत नाही. तारेतून जातात ते फक्त आकडे: कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१, पांढरी दोन ६२, असे ० ते १२७. त्या आकड्यांवरून पेटीचा आवाज काढायचा की पियानोचा, हे कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बघतो. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट ६०० आणि जपानच्या रोलँडचा ज्युपिटर ६ ही दोन वेगवेगळ्या घरची वाद्ये एका तारेने जोडून दाखवली गेली, आणि तीच भाषा आजही चालते. त्या कामासाठी डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

आता बघा, यात डोळ्यांचे काम कुठे आहे? पट्ट्या हाताला कळतात. दोन काळ्या, मग तीन काळ्या, पुन्हा दोन. पेटीवाल्याला हे शिकवावे लागत नाही. यूएसबीच्या तारेचे एक टोक बहुधा जवळजवळ चौकोनी असते, ते कीबोर्डला लागते. दुसरे चपटे, ते कॉम्प्युटरला. उलटे घालायला गेले तर जातच नाही. तार लागली की विंडोज एक सूर काढून जोडणी झाल्याचे कळवते. साध्या कीबोर्डला वेगळा ड्रायव्हरही लागत नाही. म्हणजे जोडण्याचे काम तिला अर्ध्या मिनिटात जमेल, आमच्यापेक्षा लवकरच, कारण आम्ही टेबलाखाली वाकून टॉर्च शोधत बसतो.

खरी अडचण यानंतरची. सगळे जोडले, पट्टी दाबली, आणि आवाज आला नाही. का? तार सैल असेल. प्रोग्रॅमला "हा कीबोर्ड वापर" असे सांगायचे राहिले असेल. ट्रॅक रेकॉर्डिंगसाठी तयार केलेला नसेल. ट्रॅकवर वाद्यच घेतलेले नसेल. नाहीतर आवाज नुसताच शून्यावर असेल. ज्याला दिसते तो पडद्याकडे एक नजर टाकतो. पट्टी दाबल्यावर हिरवी पट्टी हलली, तर तारेपर्यंत सगळे ठीक, दोष पुढे. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी या पाचही कारणांची शांतता अगदी सारखी असते. पडद्यावर जे दिव्याने सांगितले जाते ते कानाला कोणी सांगितले नाही, तर उत्तम कान असलेला वादकही तिथेच अडतो. दोष त्याच्या कानाचा नाही आणि डोळ्यांचाही नाही. दिवा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने तोंड उघडले नाही, एवढेच.

हे तोंड उघडण्याचे काम स्क्रीन रीडर करतो. पडद्यावर जे असेल ते तो बोलून दाखवतो, आणि माऊसऐवजी कळांनी सगळीकडे फिरता येते. विंडोजवर चालणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही स्वतः अंध. तो आजही फुकट मिळतो. त्याच्याबरोबर येणारा ईस्पीक हा आवाज मराठीही वाचतो. उच्चार थोडा यंत्रासारखा आहे, पण आपल्या शाळेतल्या काही मुलांच्या 'ळ'पेक्षा वाईट नाही. (मुलांनो, रागावू नका.) मॅकवर व्हॉइसओव्हर २००५ पासून कॉम्प्युटरबरोबरच येतो.

पण स्क्रीन रीडर तेच वाचू शकतो, जे प्रोग्रॅम त्याला सांगतो. गेले दोन आठवडे संध्याकाळी आम्ही संगीताचे चार-पाच प्रोग्रॅम पडदा काळा करून चालवून पाहिले. एक बऱ्यापैकी महागडा प्रोग्रॅम उघडला तर स्क्रीन रीडर म्हणाला, "बटण. बटण. बटण." पुढे तर तेही नाही, नुसते खिडकीचे नाव आणि मग शुकशुकाट. कारण असे, की त्या खिडकीतले नॉब आणि दिवे हे कारागिराने रंगवलेले चित्र असते. हा नॉब आहे, याचे नाव अमुक, तो सध्या इतक्यावर आहे, हे कॉम्प्युटरला कोणी सांगितलेलेच नसते. आपल्याकडे निम्मे पालक आमच्याच धंद्यातले आहेत म्हणून मुद्दाम लिहितो: बटणाला नाव देणे ही बहुतेक वेळा एका ओळीची गोष्ट असते. नॉबचे संपूर्ण चित्र स्वतः रंगवले असेल तर काम वाढते हे खरे. पण ते सुरुवातीला केले तर थोडे असते, आणि दहा वर्षांनी करायला घेतले तर कोणी करत नाही. हे "पुढच्या आवृत्तीत बघू" आम्ही कचेरीच्या बैठकांतून इतक्यांदा ऐकले आहे की आता ते ऐकू आले तरी कान आपोआप मिटतात.

म्हणून प्रोग्रॅम निवडताना आधी तो बोलतो का ते पाहावे, बाकीचे गुण मागाहून. आमच्या मते आपल्या कामाला रीपर बरा. त्याला ओसारा नावाची एक फुकट जोड मिळते. तिची सुरुवात वर सांगितलेल्या जेम्स टेह यांनीच केली. ती घातली की रीपर ट्रॅकचे नाव सांगतो, तो रेकॉर्डिंगसाठी तयार आहे की नाही ते सांगतो, आवाजाची पातळी विचारली तर तीही सांगतो. म्हणजे मघाच्या शांततेची कारणे एकेक करून तपासता येतात. कंट्रोल आणि टी दाबले की नवा ट्रॅक, कंट्रोल आणि आर दाबले की रेकॉर्डिंग सुरू, स्पेस दाबली की बंद. रीपर ६० दिवस वापरून पाहता येतो, नंतर घरगुती परवाना ६० डॉलरचा. मॅक असेल तर गॅरेजबँड आणि लॉजिक हे दोन्ही व्हॉइसओव्हरने चालवता येतात.

एक खाच मात्र आहे, आणि तिची कल्पना आधी नसेल तर पहिल्याच दिवशी सगळे खोळंबेल. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत जो वेळ जातो तो कमी करण्यासाठी संगीताचे काही ड्रायव्हर साउंडकार्ड पूर्णपणे आपल्या ताब्यात घेतात. वेळ कमी व्हायलाच हवा. सेकंदाला ४८,००० नमुने असताना २५६ नमुन्यांचा साठा ठेवला तर त्या साठ्यापुरता विलंब सुमारे ५ मिलिसेकंद, १०२४ चा ठेवला तर २१, आणि एवढा फरक बोटांना बोचतो. पण साउंडकार्ड असे ताब्यात गेले की त्याच कार्डातून बोलणारा स्क्रीन रीडर मुका होतो. दिसणाऱ्याचा पडदा अचानक काळा व्हावा तसे हे. उपाय सोपा आहे: दोन साउंडकार्डे. बोलणे लॅपटॉपच्या स्वतःच्या आवाजातून, संगीत बाहेरच्या यूएसबी साउंडकार्डातून. पेटी रेकॉर्ड होताना स्क्रीन रीडर बोलला तरी बिघडत नाही, कारण मिडीत आकडेच नोंदले जातात. गाणारी मुले माइकसमोर आली की मात्र बोलणे हेडफोनमध्येच हवे, नाहीतर आरतीच्या मध्येच "ट्रॅक ३, तयार" असे ऐकू येईल.

मुलांनो, हे समजून घ्यायचे तर घरी एक करा. पडद्यावर टॉवेल टाका आणि विंडोजवर कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकदम दाबा. नॅरेटर बोलू लागेल. आता माऊसला हात न लावता तुमच्या आवडीचा एखादा प्रोग्रॅम उघडून चालवा. मात्र यावरून अंध असणे कसे असते हे आपल्याला कळले, असे समजू नका. तुमची धांदल उडेल ती सवय नसल्यामुळे. तिला सवय आहे, आणि ती स्क्रीन रीडर इतक्या वेगाने ऐकते की आम्हाला एक शब्द कळत नाही. या खेळातून कळेल ते एवढेच, की कुठला प्रोग्रॅम बोलतो आणि कुठला मुका आहे.

सभेनंतर एका पालकांनी आम्हाला विचारले, रवींद्र जैन यांना कुठे कॉम्प्युटर चालवावा लागला? प्रश्न चांगला आहे. रवींद्र जैन जन्मापासून अंध होते, आणि 'चितचोर' (१९७६) ची गाणी आपल्यातल्या किती जणांना पाठ आहेत ते सांगायला नको. पण त्या काळी स्टुडिओत यंत्रांपाशी रेकॉर्डिस्ट बसायचा, आणि तो सर्वांसाठीच असायचा. डोळस संगीतकारही काचेच्या अलीकडून "पुन्हा घेऊ" एवढेच म्हणायचा. त्या बाबतीत दोघे सारखे. आज तिच्या वर्गातला मुलगा आपल्या खोलीत रात्री साडेदहाला एकटा बसून एकच ओळ वीस वेळा वाजवतो, एकोणीस पुसतो आणि विसावी ठेवतो. तिच्या शेजारी आपण एक काका बसवले, तर ती किती वेळा "पुन्हा" म्हणेल? चार वेळा. पाचव्यांदा संकोच वाटेल, आणि मनासारखी न झालेली चौथी ओळ राहील. फरक पडतो तो इथे.

लुई ब्रेल हे स्वतः पॅरिसमध्ये चर्चचे ऑर्गनवादक होते. त्यांच्याआधी अंध मुलांसाठी उठावाच्या रोमन अक्षरांची पुस्तके होती. हळूहळू का होईना ती वाचता येत, पण मुलांना तसे लिहिता येणे अवघड. ब्रेल यांनी १८२९ साली आपली ठिपक्यांची पद्धत छापली, तेव्हा त्यात शब्दांबरोबर संगीतही होते, आणि ती हाताने लिहिता येत होती. वाजवायचे आपण आणि लिहून घ्यायचे दुसऱ्याने, ही व्यवस्था त्यांना पुरेशी वाटली नाही. दुसरे उदाहरण स्टीव्ही वंडर यांचे. रे कर्झवाइल यांनी १९७६ साली छापील मजकूर वाचून दाखवणारे यंत्र काढले. त्यामुळे या दोघांची ओळख झाली, आणि पुढे वंडर यांच्याशी झालेल्या बोलण्यातून १९८४ चा कर्झवाइल २५० हा कीबोर्ड तयार झाला. तो नंतर पुष्कळ डोळस वादकांनी वापरला.

वेळ कमी आहे, असाही एक आक्षेप आला. पहिला महिना आमच्या पद्धतीने जास्त वेळ लागेल, हे कबूल. एखाद्या पालकाने माऊस हातात घेतला तर साथ दोन रविवारांत उरकेल. पण मग पुढच्या वर्षीही तेच पालक लागतील, आणि त्यांची बदली झाली की कीबोर्ड कपाटात जाईल. असो.

आता खरेदीचे. कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा घ्यावा, २५ चा नको. छोट्या कीबोर्डवर सप्तक बदलायला सारखे बटण दाबावे लागते आणि आपण कुठल्या सप्तकात आहोत ते बहुधा एका बारीक दिव्यावरून कळते. टचस्क्रीन असलेला तर मुळीच नको. सपाट काचेवर बोटाला काय सापडणार? नॉब आणि बटणे खरी, उठावाची हवीत, आणि जी दोन-चार नेहमी लागतात त्यांच्यावर चिकटवायला उठावाचे ठिपके मिळतात. हेडफोन ब्लूटूथचे नकोत, विलंब वाढतो. आणि दुकानात जाताना तिला बरोबर न्यावे. सभेत तिला कोणी काही विचारले नव्हते. सभा संपल्यावर तिने आपण होऊन आम्हाला गाठले आणि एवढेच विचारले, की रेकॉर्डची कळ तिला स्वतःला सापडेल ना.

येत्या रविवारी वर्ग सुटल्यावर आमच्या लॅपटॉपवर रीपर आणि एनव्हीडीए घालून आणतो. एका पालकांचा जुना कीबोर्ड मिळाला आहे. तो ती स्वतः जोडून पाहणार आहे. त्या वेळी कोणीही माऊसला हात लावायचा नाही, आम्हीसुद्धा नाही. कोणाकडे वापरात नसलेले यूएसबी साउंडकार्ड किंवा तारेचे हेडफोन असतील तर कृपया घेऊन यावेत. हेडफोनची तार निदान सहा फूट असावी, आपल्या वर्गातले प्लग खिडकीपाशी आहेत.